डोंगरउतारावरचं जुनं मातीचं घर: पाडावं की दुरुस्त करावं?

पाखाडीवरचा:
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात अर्जुना नदीच्या खोऱ्यात आमची वाडी आहे, पूर्ण उतारावर. खाली भाताचे मळे, वर कातळाचा सडा म्हणजे उघडं पठार आणि मधल्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी घरं. गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येते, तिथून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची दगडी वाट, चढून वर. आमचं घर तिसऱ्या टप्प्यावर, पणजोबांच्या वेळचं. चाळीस फूट लांब, तीस फूट खोल असेल. जोतं जांभ्या चिऱ्याचं, भिंती मातीच्या दीड हात जाड, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, डावीकडे देवघर आणि बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर, वर माळा. पूर्वी सगळं छप्पर नळ्याच्या अर्धगोल कौलांचं होतं, आता पुढचं पाखं, म्हणजे छपराची पुढची उतरती बाजू, मंगलोरी आणि मागचं अजून नळ्याचं आहे.

प्रश्न असा की घरात दोन तट पडलेत. मोठा भाऊ आणि चुलत भाऊ म्हणतात पाडून स्लॅबचं बांधू, एक काँट्रॅक्टर बघूनही गेला, तो म्हणतो मागचा डोंगर अजून आठ-दहा फूट कापू, सपाटी मोठी करू आणि आरसीसी उभं करू. आई वर्षभर तिथेच असते, तिला हे घर सोडायचं नाही, ती म्हणते मे महिन्यात स्लॅबखाली मला झोप यायची नाही. मी डोंबिवलीला असतो, मला घर ठेवायचंय पण नुसतं भावनेवर भांडून उपयोग नाही, भावांना ठोस काहीतरी सांगावं लागेल.

घराची दुखणी सांगतो. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढते. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तो आता पत्र्यासारखा सुटून पडतोय आणि आतली माती भुसभुशीत झालीय. मागच्या पाख्याच्या वाशांची टोकं खाल्लीयत, खाली पिवळं पीठ पडलेलं असतं. माकडांनी कौलांचा नुसता चुरा केलाय, शाकारणी करून, म्हणजे कौलं परतून, महिना होत नाही तोवर परत गळायला लागतं. आणि पुढे अंगणाखालचा दगडी बांध आहे त्याला पोट आलंय. मागच्या भिंतीपासून कापलेला डोंगर जेमतेम तीन फुटांवर आहे, उंची दहा फूट तरी असेल.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे का? असेल तर आधी काय धरायचं, मागाहून काय?

उभाआडवा:
दादा, सगळी दुखणी नीट लिहिलीत म्हणून सांगणं सोपं जातंय. मी रत्नागिरीत बांधकामाचीच कामं बघतो, सिव्हिल इंजिनिअर आहे, आणि तुमच्यासारखी उतारावरची घरं बरीच बघितलीत. तुमच्या घराचं दुखणं एकच आहे, ते म्हणजे पाणी. ओल, सुटलेला गिलावा, भुसभुशीत माती, बांधाचं पोट, सगळं तिथूनच आलंय. वाशांचंही निम्मं तेच असणार.

हिशोब करून बघा आणि भावांनाही दाखवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर चाळीस बाय तीस म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. जुलैत आपल्याकडे दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही, म्हणजे एका दिवसात तुमच्या छपरावर २२ हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं अर्धं, ११ हजार लिटर, मागच्या पाख्यावरून त्या तीन फुटांच्या बोळात कोसळतं. त्यात वरच्या डोंगराचं वाहून येणारं पाणी, आणि सड्याच्या कातळातून मुरलेलं पाणी. जांभा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून खाली उतरत जातं आणि खालच्या गुलाबी-पांढऱ्या चिकण मातीच्या थरावर आलं की आडवं सरकून उतारावर कुठेतरी बाहेर फुटतं. तुमच्या वाडीतले झरे त्याच रेषेवर असतील, बघा. हे सगळं पाणी मागच्या भिंतीशी येऊन उभं राहतं आणि भिंत ते पिते.

जुन्या लोकांनी याची सोय केलेली असायची. घराच्या मागे चर, चराला दोन्ही बाजूंना उतार, ते पाणी घराला वळसा घालून बाजूच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओहोळात, सोडलेलं. आणि मे महिन्यात शाकारणीबरोबर चर उपसणं हे ठरलेलं काम. माणसं मुंबईला गेली, चर भरून गेला, दरवर्षी वरून माती येऊन मागची जमीन चढत गेली. मला खात्री वाटते की आज तुमच्या मागच्या बोळातली जमीन घरातल्या भुईपेक्षा उंच असणार. पुढे जोतं पुरुषभर उंच दिसतं आणि मागे ते मातीत गाडलं गेलंय, असं झालंय का ते आधी खणून बघा.

म्हणून पहिलं काम मागचं. बोळातली चढलेली माती काढून जमीन घरातल्या भुईच्या दीड फूट तरी खाली न्या आणि तिथे दोन्हीकडे उताराचा चर करा. पण सांभाळून, दरडीचा पायथा कोरायचा नाही, फक्त वरून येऊन साचलेली मोकळी माती काढायची, आणि तीही पावसाळा संपल्यावर, टप्प्याटप्प्याने. दुसरा चर दरडीच्या वर, कडेपासून चार-पाच फूट आत, डोंगराचं पाणी अडवून बाजूला न्यायला. या वरच्या चराचा तळ चिऱ्यांनी बांधा नाहीतर चिकणमाती ठोकून घट्ट करा, कच्चा ठेवलात तर तोच पाणी मुरवायचं काम करेल आणि केल्याहून न केलेला बरा असं होईल. मागच्या पाख्याला पन्हळ लावा म्हणजे ते ११ हजार लिटर बोळात पडणारच नाहीत. संडासाचा शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला असेल तर तो हलवा.

काँट्रॅक्टर म्हणतोय तसा डोंगर अजून कापण्याला माझा साफ विरोध आहे. दहा फुटांची उभी दरड आत्ताच आहे, ती अजून मागे नेलीत की आणखी उंच होणार आणि पायथ्याचा आधार जाणार. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडचं तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, तिन्हीकडे घरं दरडीखाली गेली. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आहेत, तिन्हीकडे मातीचा आणि उताराचा प्रकारही वेगळा आहे, पण तिन्ही जुलैतल्या मोठ्या पावसात झालं. आरसीसीचं घर केलं म्हणून दरड थांबत नाही. तुम्ही मातीचं ठेवा की स्लॅबचं बांधा, मागचा उतार आहे तसा राहू द्या, त्यावरची झाडं-झुडपं राहू द्या, आणि तिथे पाणी घालावं लागेल अशी बाग करू नका.

आणि हे आईंना सांगून ठेवा: घराच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग दिसली, झाड किंवा विजेचा खांब कलायला लागला, नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, नाहीतर नसलेल्या जागी पाणी फुटलं, तर पाऊस चालू असताना त्या घरात थांबायचं नाही. सामान राहू दे, आधी बाहेर पडायचं.

किंजळ:
वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. आमचं सुताराचं घर, वडिलांनी संगमेश्वर-लांजा भागात कितीतरी छपरं उभी केली, मी आता फर्निचर करतो पण छपराचं काम आलं तर सोडत नाही. लाकडाबद्दल सांगतो.

आधी एक बघा, तुमचं घर खांबांवरचं आहे की भिंतींवरचं. माळ्यावर चढा आणि आढ्यापासून खाली बघत या. तुळया लाकडी खांबांवर टेकल्या असतील आणि भिंत नुसती मध्ये भरलेली असेल तर तुम्ही नशीबवान, कारण मग छपराला हात न लावता भिंतीचा कुठलाही भाग काढून परत बांधता येतो. भिंतीवरच तुळई बसली असेल तर आधी टेकू देऊन भार उचलावा लागतो, ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. बऱ्याच घरात मिश्र असतं, ओटी-माजघर खांबांवर आणि मागची बाजू भिंतीवर. तुमचंही तसं असेल असं वाटतंय.

वाशांचं. पिवळं पीठ पडतंय म्हणजे तो भुंगा, वाळवी नाही. वाळवी मातीच्या नळ्या करून वर चढते, ती वेगळी दिसते. जुन्या घरांना भुंगा एवढा लागायचा नाही त्याचं एक कारण चूल. स्वयंपाकघरातला धूर माळ्यावर जायचा, कौलांच्या फटीतून बाहेर पडायचा आणि जाता जाता वाशांवर काजळीचा थर चढवायचा, त्या लाकडाला किडा लागत नव्हता आणि दमटपणाही राहत नव्हता. गॅस आला, ते बंद झालं, आणि नेमकी मागच्या पाख्याचीच लाकडं खाल्ली जायला लागली. मी काय आईंना परत चुलीवर बसवा म्हणत नाही, पण न्हाणीचा चुला मागच्या बाजूला असेल तर तो चालू ठेवा, आंघोळीचं पाणी तापवताना तेवढा तरी धूर फिरतो. बाकी लाकडं घासून साफ करून काजूच्या टरफलाचं तेल लावा. अंगावर उडालं तर कातडी भाजते, हातमोजे घालूनच लावा. दोन हात मारायचे, उन्हाळ्यात.

टोकं खाल्लीयत म्हणून पूर्ण वासा फेकू नका. भिंतीवरून बाहेर आलेला भागच बहुतेक गेलेला असतो कारण तिथे पागोळ्यांचं पाणी लागतं. अर्ध्या-अर्ध्यात कापून बोल्टने सांधा केला की झालं, सांधा मात्र भिंतीच्या आत येईल असा घ्यायचा, हवेत लोंबता नको. लाकूड किंजळ किंवा आईन मिळालं तर बघा, आजूबाजूला जुनी घरं पाडतायत त्यांचं लाकूड घ्या, पन्नास वर्षं वाळलेलं असतं, नवीन लाकडापेक्षा दसपट चांगलं. आणि मधले आधी वाजवून बघा. हातोडीच्या दांड्याने ठोकलं की चांगला वासा टणक बोलतो, पोखरलेला बद्द वाजतो.

माकडांवर खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही, खरंच सांगतो. छपरावर येणाऱ्या आंबा-फणसाच्या फांद्या तोडा, उडी मारायची जागाच ठेवू नका, निम्मा त्रास त्याने कमी होतो. काही लोक खाली पत्रा आणि वर कौलं असं करतात, गळती थांबते, वरून घरही कौलारू दिसतं, पण पत्रा घालायचाच तर तो आणि कौल यांच्यात रिपांची उंची सोडा म्हणजे हवा खेळेल. नुसता पत्रा नका टाकू. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे मी कामाला गेलो होतो, कौलांची घरं पण उघडी पडली होती, पण तिथे कौलं उडालेली आणि सांगाडा जागेवर असं खूप दिसलं, पत्र्यांच्या बाबतीत पाइपासकट अख्खं छप्पर शेजारच्या बागेत. कौलाचं वजन असतं, चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो, आणि फटीतून वारा निघून जातो.

देवरुखकर_बदलापूर:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आम्ही जुनं पाडून स्लॅबचं केलं आणि मला ते बरोबर वाटतं. वर ज्या चरांबद्दल, शाकारणीबद्दल लिहिलंय ते करायला गावात माणूस कुठे आहे? कौलं परतणारे शेवटचे दोघं आमच्या वाडीत होते, एक वारला, दुसऱ्याला शिडी चढवत नाही. आई-वडील सत्तरी पार केलेले, रात्री गळायला लागलं की घमेली-पातेली लावत फिरायची, अंधारात मागच्या न्हाणीत जायचं, सापाची भीती वेगळी. आता संडास-बाथरूम आत, फरशी पुसली की झालं. आम्ही मुंबईत बसून मातीच्या भिंतींचं कौतुक करतो पण राहतात ते. तुमच्या आई नको म्हणतायत तर प्रश्नच मिटला, पण पुढच्या दहा वर्षांत त्यांच्याच्याने सारवण होईल का, तेही त्यांच्याशीच बोलून ठरवा.

उभाआडवा:
देवरुखकर, माणसं नाहीत हे तुमचं म्हणणं एकदम खरं आहे, सगळ्यात मोठी अडचण तीच. फक्त एक विचारतो, तुमच्या स्लॅबवर आता पत्र्याची शेड आहे का? कोकणात स्लॅबच्या दहा घरांपैकी आठ-नऊ घरांवर मला ती दिसतेच, कारण तीन हजार मिलिमीटर पावसात सपाट छप्पर झिरपतंच. म्हणजे शेवटी उतरतं छप्पर करावंच लागतं, तेही दुसरा खर्च करून. संडास-बाथरूम घराच्या आत मात्र जुन्या घरातही येतं. पडवीच्या एका टोकाला चिऱ्याच्या वेगळ्या भिंती घालून करा, मातीच्या भिंतीला चिकटवून नको, पाइप उघड्यावर ठेवा म्हणजे गळलं तर लगेच दिसेल.

देवरुखकर_बदलापूर:
हो, शेड आहे. तिसऱ्या पावसाळ्यातच घातली.

माईंचं_अंगण:
मी निवृत्त शिक्षिका, माहेर गुहागरकडचं, सासर लांज्याजवळ, आणि अजून मातीच्याच घरात राहते. पाखाडीवरचा, तुमच्या आईचं म्हणणं मला अगदी पटलं. एप्रिल-मे मध्ये दुपारी माजघरात भुईवर नुसती चटई टाकून पडलं की पंख्याचीही आठवण येत नाही.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल सांगते कारण हे आमच्याकडेही झालं होतं. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि दिवाळीनंतर उन्हं पडली की ती बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतल्या आत कुजते आणि वर वर चढत जाते. तर तो गिलावा काढून टाका, जोरात छिन्नी मारून नको, सुटलाय तेवढा हाताने आणि बाकीचा हळूहळू. हे काम दिवाळी झाली की धरा आणि भिंत उघडी ठेवा, निदान होळीपर्यंत सुकू द्या. मग मातीचा गिलावा. आमच्याकडे लाल माती चाळून तिच्यात भाताचा तूस आणि बारीक कापलेला पेंढा घालतात, पाणी घालून पायाने तुडवतात आणि आठवडाभर तशीच कुजत ठेवतात, रोज एकदा तुडवायची. वास येतो, चिकटपणा धरते, मग लावायची. पातळ थर, तो सुकला की दुसरा, एकदम जाड लावली की तडे जातात. वर चुन्याचा हात. खालचा दोन-तीन फुटांचा भाग फारच भुसभुशीत झाला असेल तर तेवढी माती काढून तिथे चिरा घालून घ्या, पण एका वेळी हात-दीड हात लांबीचाच तुकडा, एक पक्का झाला की एक सोडून पुढचा.

जमिनीला फरशी घालायची घाई करू नका. आमच्या शेजारच्या घरात सगळीकडे चकचकीत टाइल्स बसवल्या आणि पुढच्याच पावसात भिंतींना ओल दिसायला लागली, जी कधी नव्हती. जमिनीतली वाफ भुईतून सगळीकडून निघत होती, ती कोंडली आणि मग भिंतीतून निघायला लागली. फारच हवी असेल तर स्वयंपाकघरापुरती घाला.

सारवणाचं म्हणाल तर देवरुखकरांचा प्रश्न रास्त आहे. घरात गुरं नाहीत, शेण विकत आणावं लागतं. पण सगळं घर रोज सारवायचं नसतं. आम्ही आठवड्यातून एकदा माजघर-ओटी, बाकी महिन्यातून एकदा. मोठं काम वर्षातून एकदाच, नवरात्र संपलं की अंगण. पावसाने अंगणाची दैना झालेली असते, खणून, माती घालून, पाणी मारून, धुमसाने ठोकून मग चोपण्याने चोपून चोपून आरशासारखं करायचं. पूर्वी वाडीतल्या सगळ्या बायका एकेका घराचं अंगण मिळून करायच्या, गाणी म्हणत. आता मी दोन मजूर बायका लावते, दीड दिवसात होतं. पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायला विसरू नका, वाऱ्याबरोबर येणारी झड तीच भिंत खाते, मातीचं घर त्या बाजूनेच आधी ढासळतं. आता हिरवं जाळीचं कापड किंवा प्लॅस्टिक लावतात, प्लॅस्टिक लावाल तर भिंतीला चिकटवू नका, मध्ये हातभर जागा सोडा.

धाराशिवकर:
विषय छान चाललाय. एक शंका. आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या घरांनीच माणसं गेली, माझे आजोळचे लोक त्यात होते. त्यानंतर मातीचं घर म्हटलं की आमच्या घरी कोणी ऐकूनच घेत नाही. कोकणातली मातीची घरं या बाबतीत सुरक्षित म्हणायची का?

उभाआडवा:
तुमच्या घरच्यांची भीती मी कधीच चूक म्हणणार नाही. पण दोन्ही घरं वेगळी आहेत. तुमच्याकडचं माळवद म्हणजे सपाट छप्पर, लाकडावर फूट-दीड फूट आणि दरवर्षी भर घालून आणखी जाड झालेला मातीचा थर, प्रचंड वजन. त्याखाली जाड दगडी भिंती, ज्यात आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे लांब दगड फार कमी, मध्ये नुसती माती आणि गोटे. हादऱ्याने भिंतीचे दोन थर फाकले आणि वरचं वजन खाली आलं. तुमच्याकडे पाऊस कमी, ऊन कडक, म्हणून माळवद तिथे शोभतं, पण भूकंपात ते घातकी ठरलं. कोकणातलं छप्पर त्या मानाने खूप हलकं, आणि खांब-तुळयांचा सांगाडा असेल तर भिंत पडली तरी छप्पर लगेच खाली येत नाही. आतल्या कित्येक भिंती तर कुडाच्या असतात, कारवीच्या काठ्यांचा तट्ट्या आणि त्यावर माती-शेण लिंपलेलं. तरी मातीची भिंत ही मातीचीच भिंत, हादऱ्यात तडकणारच. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्याला फार लांब नाही. म्हणून दुरुस्ती करतानाच भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी लाकडी पट्टी घाला आणि कोपऱ्यात ती नीट सांधा.

गडग्यावरची_वाट:
मी कुडाळचा. वरच्या सगळ्यांनी मागचं सांगितलं, पुढच्या बांधाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमचे आजोबा म्हणायचे, "पाणी वरसून येणा नाय, मागसून येता", आणि ते घराइतकंच बांधालाही लागू आहे. त्या बांधाच्या फटी कोणी सिमेंटने भरल्यात का ते बघा. आमच्या वाडीत सगळ्या जुन्या गडग्यांना, म्हणजे अशा दगडी बांधांना, हे असंच झालं. गडगा सुका रचलेला असतो, चुना नाही की माती नाही, त्यामुळे अंगणात मुरलेलं पाणी फटीफटीतून बाहेर निघून जातं आणि दगडांवर पाण्याचा दाब येत नाही. रोजगाराच्या नाहीतर सुशोभीकरणाच्या कुठल्या तरी कामात लोक बाहेरून सिमेंट मारतात, दिसायला छान, चार पावसात पोट येतं.

पोट आलेला भाग ठोकून आत बसवायचा प्रयत्न करू नका, तो बसत नाही. तेवढाच भाग वरून खाली उतरवा, दगड क्रमाने मांडून ठेवा आणि परत रचा. तळाला सगळ्यात मोठे दगड, प्रत्येक थरात थोडा थोडा आत झुकाव, हातभर उंचीला दोन-तीन बोटं तरी मागे गेलं पाहिजे. दर दोन-तीन थरांनंतर एक लांब दगड आडवा आत घुसवायचा, शेपूट आत मातीत. बांधाच्या मागे माती लगेच भरू नका, आधी फूटभर जाडीची खडी-गोट्यांची भर आणि मग माती. सिमेंटमध्येच बांधायचं असा भावांचा हट्ट असेल तर निदान पाणी जायला दर तीन-चार फुटांवर भोकं ठेवायला लावा, आणि त्यामागेही खडी पाहिजेच.

आमच्याकडे रचणारा माणूस अजून मिळतो, कातकरी आणि धनगर वाड्यांत विचारा, तुमच्याकडेही असतील.

पाखाडीवरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. कालच आईला फोन करून मागचा बोळ बघायला सांगितला. माती खरंच चढलीय, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या वर वीतभर. आणि बांधाला सिमेंट मारलेलं आहे, ग्रामपंचायतीच्या कामात बाजूच्या पाखाडीबरोबर आमचाही बांध करून दिला होता.

भावांना ११ हजार लिटरचा हिशोब आणि डोंगर कापण्याबद्दलचा भाग वाचून दाखवला. मोठा भाऊ एवढं म्हणाला की ठीक आहे, डोंगराला हात नको. चुलत भाऊ अजून स्लॅबवर ठाम आहे, जागा सामाईक, त्यामुळे त्याला डावलून काही करायचं नाही. एक मात्र ठरलं की दिवाळीनंतर दोन्ही चर, पन्हळ आणि मागच्या भिंतीचा गिलावा काढणं एवढं आधी करू, होळीला भिंत किती सुकली ते सगळ्यांनी मिळून बघू आणि मग पुढचं. सामान पाखाडीवरून डोक्यावर न्यायची मजुरीच एवढी होतेय की दुरुस्तीचं पारडं तिथेच जड झालं.

किंजळदादा, आईने बघितलं, ओटी आणि माजघर खांबांवर आहे, मागचं स्वयंपाकघर भिंतीवर. तुमचा अंदाज बरोबर.

आता एकच विचारायचंय, मागच्या पाख्याला नळ्याची कौलं कुठे मिळतील? आमच्या भागातले कुंभार आता कौलं करत नाहीत.

किंजळ:
नवीन मिळणं अवघड आहे. पाडलेल्या घरांची गोळा करा, लोक फुकट देतात, नेण्याचा खर्च तुमचा. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्या, खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर बारीक चीर आहे. आणून ढिगात टाकू नका, उभी रचून सावलीत ठेवा. पुरेशी नाही मिळाली तर मागेही मंगलोरी करा, त्यात काही वाईट नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं किनाऱ्याने कोकणभर आलीत, आता तीही आपलीच झाली. फक्त नळ्याच्या रिपा मंगलोरीला चालत नाहीत, अंतर वेगळं लागतं, रिपा काढून परत माराव्या लागतील. आणि जुनी मंगलोरी घेत असाल तर कौल उलटं करून मागचा शिक्का बघा. एका पाख्यावर एकाच कारखान्याची लावा, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत आणि मग माकड नसतानाही गळतं.